भाऊ, तुझ्या त्या माफीबद्दल

भाऊ,

तू गेल्याला उद्या तीन आठवडे होतील. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "बाई, रडून घ्या, मोकळं वाटंल." मी रडायला बसते, पण मध्येच तुझा राग येतो आणि रडणं अर्धवट राहतं. म्हणून म्हटलं, आधी राग लिहून काढावा.

त्या सकाळी तू चहा अर्धा टाकलास. "पित्त झालं वाटते, ओवा दे जरासा," म्हणालास. मी ओवा दिला, वेणी घातली, वह्यांचा गठ्ठा उचलला. दारातून विचारलं, "डॉक्टरले बोलावू काय?" तू हात हलवलास. "काही नाई. तू जाय, घंटा होईल." साडेअकराला शिपाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, घरी चला." तू खुर्चीतच होतास. शेजारच्या गंगूबाई तीन हातांवर, त्यांच्या अंगणात, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. त्यांनी मला चारदा शपथ घेऊन सांगितलं, "हाक आली नाई हो बाई. आली असती तर मी धावली नसती काय?"

हाक आली नाही, कारण तू मारली नाहीस. गावातल्या पोरींना तू पहिला धडा ओरडायचा दिलास. त्यांच्याकडून दोन वर्षं घसा बसेपर्यंत घोकून घेतलास. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एक शब्द नाही. याला मी काय म्हणू, तूच सांग.

तेरावं झाल्यावर शाळेत तुझी शोकसभा झाली. फोटोला हार घातला. शाळेच्या कमिटीतले आडतवाले शेठ सगळ्यांत जास्त बोलले. "आपल्या नांदुऱ्याचा वाघ," म्हणाले. "शत्रूच्या छातीत धडकी भरवणारा कप्तान," म्हणाले. तू कप्तान नव्हतास. आल्या आल्या तू लोकांना सांगून पाहिलंस, "फ्लाइट लेफ्टनंट," पण ते कुणाच्या जिभेला वळेना, तेव्हा तू नाद सोडलास. आणि शत्रूच्या छातीत तू काही भरवलं नाहीस. तू डाकोटा विमानातून पूर्वेकडच्या डोंगरांत आपल्याच शिपायांसाठी तांदळाची, पिठाची, रॉकेलची पोती टाकायचास. शेठ हे सगळं बोलत असताना मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. उठावं, खरं काय ते सांगावं, असं दहादा वाटलं. उठले नाही. न उठण्यात मी तशी जुनी आहे.

तू परत आलास तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी मास्तरकी करत आपल्याच घरी राहत होते. तू गाडीतून उतरलास तो एका बाजूला झुकून. विमान कुठल्याशा दरीतल्या धावपट्टीवर आदळून उतरलं, तुझ्या पाठीचे दोन मणके दबले, आणि डॉक्टरांनी उडणं बंद केलं. टेबलावरचं काम देत होते, ते तू घेतलं नाहीस. एवढं मला माहीत आहे, तेही तुझ्या कागदांवरून. तू सांगितलं नाहीस. लोक यायचे, विचारायचे, "कप्तान, वरून आपलं नांदुरं दिसे काय?" तू म्हणायचास, "ढग दिसे." आणि हसायचास. लोकही हसायचे आणि जायचे. तू लग्न का केलं नाहीस, हे मी एकदा विचारलं. तेव्हाही ढगच दिसला.

कमलचं तुला सांगितलं ते मी. दहावीतली माझी सगळ्यांत हुशार मुलगी. नदीपलीकडच्या गावातून चालत यायची. घर बौद्ध, बाप जिनिंगमध्ये हमाल, आई निंदणीला जायची, आणि पोरीला शिकवायचंच म्हणून दोघांनी कंबर कसलेली. ती आठ दिवस आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. बाप म्हणाला, "बाई, स्टँडापाशी पोट्टे उभे राह्यतात. वाट अडवतात. मी कामावर जाऊ की पोरीच्या मागं फिरू? राहू द्या आता शाळा." मी घरी येऊन जेवताना हे तुला सांगितलं. मला वाटलं होतं, तू उठशील, पोट्ट्यांना गाठशील आणि दोन ठेवून देशील. माझी तीच इच्छा होती.

तू भाकरी मोडत म्हणालास, "अशा पोरी किती आहेत?"

"काऊन?"

"शिकवतो. फौजेत शिकलो, इथं बसून कुजवून काय करू?"

सात मुली जमल्या. त्यांच्या आयांची समजूत घालत मी पंधरा दिवस दारोदार फिरले. "पोरी कुस्ती खेळणार काय?" "हातपाय मोडले तर लग्न कोन करंल?" मी शाळेच्या मागच्या पटांगणात, भरउजेडात, माझ्या डोळ्यांसमोर, असं कबूल केलं तेव्हा कुठे आया तयार झाल्या. हेडमास्तरांनी "शारीरिक शिक्षण" म्हणून परवानगी दिली.

पहिल्या दिवशी तू म्हणालास, "पदर खोसा. आता ओरडा."

सातही जणी पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या. मग खुदखुदल्या. तू काठी टेकत समोर उभा, चेहरा एकदम गंभीर. "तुमाले लहानपणापासून हळू बोला, हळू हसा सांगतलं. ते आज इसरा. तुमच्या आवाजाले जो भेतो, त्याले हात लावाची गरजच पडत नाई." पाव तास गेला. एकीच्याही तोंडून आवाज निघेना. शेवटी कमलनं डोळे मिटले आणि अशी किंचाळली, की भिंतीपलीकडच्या रस्त्यावरचा गाडीवान बैल सोडून "काय झालं, काय झालं" करत आत धावत आला. मग बाकीच्या हसता हसता ओरडायला लागल्या. तू त्या गाडीवानाला नमस्कार केलास आणि मुलींना म्हणालास, "पाह्यलं? माणूस आला." तो दिवस मला तुझ्या सगळ्या दिवसांत आवडता आहे. तुझा झुकलेला खांदा त्या दिवशी सरळ दिसत होता.

मग मनगट सोडवणं शिकवलंस. पकडीत अंगठ्याची बाजू कमजोर असते, तिकडून झटका द्यायचा. पाठीमागून धरलं तर काय, केस धरले तर काय. पण प्रत्येक तासाला तू तेच तेच म्हणायचास. आधी पळा. पळता येत नसेल तर ओरडा. ओरडून भागलं नाही तर हात सोडवा आणि पुन्हा पळा. मला ते पटायचं नाही. "पळायचंच असंल तर शिकवतं काऊन?" मी घरी भांडायचे. "एकदा एखाद्याचं थोबाड फुटलं पाह्यजे. त्याबिगर पोट्ट्यायले अक्कल येत नाई." तू म्हणायचास, "शाले, त्या पोरीले उद्या पुन्हा त्याच रस्त्यानं जायचं आहे." असं आपण किती वेळा भांडलो! आणि ते भांडण संपण्याआधीच ते घडलं.

कमलची मॅट्रिकची परीक्षा दीड महिन्यावर होती. भरदुपारी, एस्टी स्टँडवर, शेठच्या पुतण्यानं तिचं मनगट धरलं. ती पळाली नाही, कारण पळता येत नव्हतं. ती ओरडली. स्टँडावरची माणसं वळून बघायला लागली. त्यानं तरी सोडलं नाही, उलट दोस्तांकडे बघून हसला. तेव्हा तिनं अंगठ्याच्या बाजूनं झटका दिला. त्याचा अंगठा निखळला. ती तिथून थेट शाळेत आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, सरायनं सांगतलं तसंच केलं. कायीच चुकलं नाई."

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. शेठ, हेडमास्तर, आणखी तिघं. तुला बोलावलं. मलाही बोलावलं, कारण पोरी मी जमवल्या होत्या. कमलला बाहेर व्हरांड्यात उभं केलं. मुलगी कुणाची आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सोडून बाकी सगळं बोललं गेलं. शाळेची अब्रू, गावातलं वातावरण, पोरींना लागलेलं वळण. शेवटी शेठ म्हणाले, "एक तं पोरीचं नाव काटा. नाई तं हे धंदे बंद करा अन् कप्तानानं माफी मागावी."

मी कपाटाला टेकून उभी होते. तू सांगशील म्हणून मी वाट बघत होते. सांगशील, की पोरानं हात धरला. पोरीनं आधी आवाज दिला. वीस माणसांनी पाहिलं. तू एकदा दाराकडे बघितलंस. मग काठी भिंतीला टेकवलीस, दोन्ही हात जोडलेस आणि म्हणालास, "चूक माझी. मी शिकवाले नको होतं. पोरीले परीक्षेला बसू द्या."

दार उघडं होतं. कमलनं ते बघितलं.

त्या दिवशी ती तुझ्याशी बोलली ते तेवढंच, व्हरांड्यात. "सर, चूक माही नव्हती. तुमची बी नव्हती. मंग हात काऊन जोडले?" तू काठी टेकत फाटकाकडे निघालास. ती परीक्षेला बसली, पास झाली, ट्रेनिंगला गेली, मास्तरीण झाली. आपल्या दाराशी पेढे घेऊन आली नाही.

आणि मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. नंतर बोलू लागले, पण हा विषय निघाला की आवाज चढायचा. सहा वर्षं! फक्त एकदा तू नीट उत्तर दिलंस. मळ्यात वांगी तोडताना. म्हणालास, "शाले, दरीत ढग भरलेला रायते. खाली आपली माणसं आठ दिवसांची उपाशी. तिथं कोनी म्हनंल का, की मी मोठा पायलट, पाहा कसा उडतो? पोतं खाली पडलं पाह्यजे, बस. तिचं मॅट्रिक पडलं ना खाली?" मी म्हटलं, "पोतं पडलं, पन फुटलं." तू वांग्यांची पाटी उचलून चालू लागलास. नंतर मला वाईट वाटलं. पण ते मी तुला सांगितलं नाही.

मागच्या रविवारी कमल आली. सोनाळ्याला असते ती आता, तिथल्या शाळेवर. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, चालण्यात तोच झपाटा. तुझ्या फोटोसमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत. मग पाटावर बसली आणि पाणी प्याली. मला वाटलं, आता म्हणेल, सरांना मी माफ केलं. माणसं मेल्यावर असं म्हणायची रीत आहे.

ती म्हणाली, "बाई, सर चुकलेच होते त्या दिवशी."

आणि मी, भाऊ, जी सहा वर्षं तुला हेच ऐकवत होते, ती एकदम तिच्यावर उखडले. "तुह्यासाठी केलं त्यानं! तुहं वर्ष वाचवलं!"

"मले इचारलं होतं काय?" ती शांतपणे म्हणाली. "मी बाहेरच उभी होती. दहा पावलांवर. येऊन इचाराचं, का कमल, माफी मागून तुहं वर्ष वाचवू काय? मी म्हटलं असतं, वर्ष जाऊ द्या. मी पुढच्या वर्षी दिली असती परीक्षा. पन सरायनं हात जोडले अन् सगळ्या गावानं म्हटलं, पाहा, पोरीचीच चूक होती."

मग ती म्हणाली, "हे मी त्यायले पन सांगतलं."

"कवा?"

"श्रावणात. सोनाळ्याले आले होते ना. तुमाले म्हाइत नाई?"

मला माहीत नव्हतं. श्रावणात एक दिवस तू "दोस्ताकडे जातो" म्हणून एस्टीत बसला होतास. त्या झुकलेल्या पाठीनं, त्या रस्त्यावर, इतके तास. तू तिच्या शाळेच्या ओट्यावर बसलास आणि म्हणालास, तुझी माफी मागायला आलो. आणि ती म्हणाली, "सर, माही माफी मागू नका. जिथं हात जोडले, तिथं जाऊन ते मागं घ्या." तू थोडा वेळ पोरांचा खेळ बघत बसलास. मग "बरं" म्हणालास आणि उठलास.

"मंग गेले काय ते? मले समजलंच नाई पुढं," कमल म्हणाली. त्यासाठीच ती आली होती. माझं सांत्वन करायला नाही. उत्तर घ्यायला.

सोमवारी मी हेडमास्तरांना विचारलं. ते आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आले होते. दिवाळीच्या आधी, कमिटीच्या बैठकीत. काठी टेकत आले, बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, 'सहा वर्षांपूर्वी इथं मी माफी मागितली, ती मागं घेतो. पोरीची चूक नव्हती, माझी नव्हती, हात धरणाऱ्याची होती. लिहून घ्या.' शेठ म्हणाले, 'जुन्या गोष्टी कशाला उकरता कप्तान, चहा घ्या.' ते म्हणाले, 'आधी लिहा.' अर्धा तास उभे होते."

"मग लिहिलं तुम्ही?"

"नाही लिहिलं, बाई."

"अन् मला सांगितलं का नाही? मी रोज या खोलीत मस्टरवर सही करते."

"त्यांनीच सांगू नका म्हटलं. म्हणाले, शालूला कळलं तर ती उठून भांडेल, अन् तिची नोकरी जाईल."

भाऊ, हे वाक्य मी तेव्हापासून घेऊन फिरते आहे. माझ्याबद्दल तुझी एवढी खात्री होती? मी उठून भांडेन? त्या दिवशी मी कपाटाला टेकून उभी होते, तू बघितलं होतंस मला. तू हात जोडलेस तेव्हा निदान तोंड उघडलंस. मी तेही केलं नाही. कमल माझी विद्यार्थिनी, पोरी मी जमवलेल्या, स्टँडावरचं सगळं तिनं मला पहिल्यांदा सांगितलेलं. आणि मी एक शब्द बोलले नाही, कारण विधवा बाईला दुसरी नोकरी कुठे मिळणार, असं माझ्या डोक्यात चालू होतं. सहा वर्षं मी तुझ्यावर ओरडत राहिले, कारण तुझ्यावर ओरडणं सोपं होतं. तू उलट बोलत नव्हतास. एकदा तरी म्हणायचं होतंस, "अन् तू काय केलं, शाले?" ते ऐकायला मी तयार होते रे. रोज तयार होते.

आणि तू पुन्हा तेच केलंस. कमलला न विचारता तिचं ठरवलंस, मला न विचारता माझं ठरवलंस. दिवाळीपासून माघापर्यंत आपण रोज समोरासमोर जेवलो. मी तुला त्या माफीवरून टोमणे मारले, संक्रांतीलासुद्धा मारले, तीळगूळ हातावर ठेवता ठेवता. आणि तू, ती माफी मागं घेऊन आलेला माणूस, गप्प बसून तीळगूळ खाल्लास. तुला माझी कीव आली होती का? मला वाचवायचं होतं? मला वाचवून घ्यायचं होतं का, हे विचारायचं होतंस.

काल कमिटीची बैठक होती. मी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा अर्ज दिला आणि आत गेले. शेठ म्हणाले, "बाई, शोकसभेचं मनावर घेऊ नका, काही कमी राहिलं असेल तर..." मी म्हटलं, "राहिलं आहे." मग दिवाळीच्या आधी तू जे बोललास ते मी उभ्यानं बोलले. हेडमास्तरांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. शेठचा चेहरा लाल झाला. "मेलेल्या माणसाच्या नावानं काहीही सांगता?" ते म्हणाले. मी हेडमास्तरांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "खरं आहे ते. माझ्यासमोर बोलले होते."

शेठ उठून गेले. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते पुढच्या बैठकीत होईल. हेडमास्तरांनी इतिवृत्ताची वही ओढली, दौतीत टाक बुडवला आणि तुझं वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर ते वही मिटू लागले, तर मी हात ठेवला.

"आणखी एक ओळ," मी म्हटलं. "त्या दिवशी या खोलीत मी हजर होते. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प राहिले. माझ्या नावानिशी लिहा."

"हे कशाला, बाई?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. उद्या सकाळच्या एस्टीनं मी सोनाळ्याला जाते आहे, कमलला सांगायला. तुला मी अजून माफ केलेलं नाही, भाऊ. तिनं मला केलं तर बघू.

तुझी,
शालू